सॅक्सोफोनच्या कागदावरचे श्वास

प्रिय रेवा आणि ओम,

आमच्या घोडबंदर रोडच्या संकुलाचा दिवाळी अंक निघतो. यंदा संपादकांनी "आजी, तुमच्या कामाविषयी लिहा" म्हणून तीनदा बेल वाजवली. मी त्यांना म्हटलं, नातवंडांना एक पत्र लिहायचं राहिलं आहे, तेच लिहिते, तुम्ही छापा. म्हणून हे तुम्हा दोघांना, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही.

रेवा, तुझ्या चित्रकादंबरीची पहिली चाळीस पानं मी शेजारच्या प्रिंटरवर छापून घेतली, भोकं पाडून फाइलला लावली आणि दोनदा वाचली. गावोगाव फिरणारे ते जाझ वादक, त्यांची खिळखिळी मोटार, हॉटेलच्या खोल्या, एकाच टेबलावर बसून एकमेकांशी न बोलणारी माणसं. चांगलं काढलं आहेस. एकविसाव्या पानावरचा सॅक्सोफोनवाला तर मला ओळखीचा वाटला. पण त्याच्या पुढच्या स्टँडवर जो कागद आहे, त्यावर तू नुसत्या गोगलगाई काढल्या आहेस. फोनवर तू विचारलंस, "आजी, त्या कागदावर नक्की काय असतं? तू तेच काम करायचीस ना?"

हो, तेच करत होते. डोंबिवलीच्या आपल्या जुन्या घरी, खिडकीखालच्या टेबलावर, जवळजवळ सोळा वर्षं. मी कॉपिस्ट होते.

त्या काळी आपल्या भागात हिंदी-मराठी सिनेमाची गाणी सादर करणारे ऑर्केस्ट्रा पुष्कळ होते. बरेचसे वादक नुसतं ऐकून वाजवत. आमचे कामतमास्तर मात्र तरुणपणी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवून आलेले, त्यांना कागदाशिवाय चालत नसे. ते कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकून गाणं इंग्रजी पद्धतीच्या पाच रेघांवर उतरवत. त्या मोठ्या कागदावर सगळी वाद्यं एकाखाली एक असत. तेवढा कागद प्रत्येकापुढे ठेवता येत नाही. म्हणून बासरीची ओळ वेगळी, ट्रंपेटची वेगळी, व्हायोलिनची वेगळी, अशा सुट्या प्रती काढायच्या. ते माझं काम. मला ही लिपी येत होती ती ठाण्याच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांमुळे. त्यांनी मला सहा वर्षं पियानो शिकवला. पियानो काही मला आला नाही, पण माझं अक्षर त्यांना आवडायचं.

काम सोपं वाटतं, तसं ते नाही. पान संपेल तिथे वादकाला दोनचार मात्रा विश्रांती हवी, नाहीतर पान उलटायला हात कुठून आणायचा? पहिल्याच महिन्यात मी एका व्हायोलिनवाल्याचं पान ऐन धावत्या सुरांत संपवलं. त्याने भर कार्यक्रमात ते दातांनी उलटलं आणि नंतर मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी सॉस लावून द्या." चूक झाली तर शाई अर्ध्या ब्लेडने खरवडून काढायची, कागद फाटू न देता. सॅक्सोफोनची तर वेगळीच तऱ्हा. पियानोचा सा ऐकू यावा म्हणून त्याच्या कागदावर ध लिहावा लागतो, कारण ते वाद्य बांधलेलंच तसं असतं. मनातल्या मनात सगळं गाणं सरकवून लिहायचं. आमचा एक गायक तर स्टँडवर एक सुंदर चामडी फाइल ठेवून अधूनमधून पान उलटायचा. एकदा मी डोकावले. आत लाँड्रीची यादी होती. मी कोणाला सांगितलं नाही. त्याच्या गळ्याला कागदाची गरज नव्हती, रुबाबाला होती.

दोन गोष्टी नीट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यांवरच आहे.

पहिली: कॉपिस्टने सूर बदलायचा नाही. मास्तरांची चूक दिसली तरी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं आणि थांबायचं.

दुसरी: क्यू. एका वादकाच्या प्रतीवर दुसऱ्या वादकाची ओळ बारीक सुरांत लिहून ठेवतात, त्याला क्यू म्हणतात. बासरीवाला आजारी पडला तर व्हायोलिनवाल्याने तेवढं सांभाळून न्यावं म्हणून. क्यू कुठे लिहायचा हेही मास्तर ठरवतात.

मी दौऱ्यावर जात नसे. ही मंडळी नाशिक, जळगाव, बडोदा, कोकण असं महिनामहिना फिरत, आणि परत आली की कागद माझ्याकडे येत, फाटलेल्या प्रती पुन्हा लिहायला. कागदांच्या पाठीवरून मला दौरा कळायचा. चहाच्या कपाची वर्तुळं, औषधांची नावं, कोणाच्या तरी मुलीची उंची भिंतीवर मोजावी तशी आखलेली रेघ आणि पुढे प्रश्नचिन्ह, कारण मुलगी घरी वाढत होती आणि बाप अंदाजाने आखत होता. एका ट्रंपेटवाल्याने बायकोला लिहायच्या पत्राचं पहिलं वाक्य अकरा पानांवर अकरा वेळा लिहिलं होतं. दुसरं वाक्य कुठेच नव्हतं. पुढच्या वर्षी तो एकटा राहायला लागल्याचं कळलं. रेवा, तुझ्या पुस्तकात माणसं खूप बोलून दाखवतात. माझ्या पाहण्यात ती बोलत नसत, मागच्या बाजूला लिहीत.

आता हिराजीभाऊ.

हिराजीभाऊ आमचे सॅक्सोफोनवाले. कोपरीचे, कोळी समाजातले. वडील खाडीत मासेमारी करत. हा लहानपणी गावच्या लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट शिकला, मग सॅक्सोफोन, मग मास्तरांनी त्याला शोधून काढलं आणि पाच रेघा वाचायला शिकवल्या. वाचायला लागल्यावर तो कागदाचा इतका भक्त झाला की स्टँडवर प्रत ठेवण्यापूर्वी हात पुसायचा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा केळीच्या पानात सुकट घेऊन आला. आपल्याकडे मासे शिजत नाहीत म्हटल्यावर खजील झाला, आणि पुढे दर वेळी चिंचा आणू लागला. अजून बरणीत चिंच भरताना मला तो आठवतो.

त्याचा एक संकेत आमच्यात ठरलेला होता. फुंकून वाजवणाऱ्याच्या प्रतीवर तो श्वास कुठे घेणार तिथे ओळीच्या वर स्वल्पविरामासारखी एक खूण करतात. बहुतेक वादक ती स्वतः पेन्सिलीने करतात. हिराजीभाऊ म्हणायचा, "तुमीच शाईनं करा मॅडम. पेन्सिल पुसते, मंग मी घाबरतंय." म्हणून मी तालमीला बसून तो कुठे श्वास घेतो ते पाहायची आणि घरी येऊन शाईने ती खूण करायची. कुठल्या गाण्यात त्याला कुठे दम लागतो हे मला त्याच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास मास्तरांना आखाती देशांतल्या दौऱ्याचं आमंत्रण आलं. सहा आठवडे, बारा जण. सगळ्यांनी पासपोर्टसाठी फोटो काढले. त्याच दिवसांत एका दुपारी हिराजीभाऊ तोंडावर रुमाल धरून आला. खुर्चीवर न बसता दारातच उभा राहिला.

"मॅडम, एक बोलू काय? मास्तरला सांगू नका."

"आधी बसा तरी."

त्याने रुमाल काढला. वरचे पुढचे चार दात नव्हते. हिरड्या खराब झाल्या होत्या, डॉक्टरांनी काढून टाकले होते. खिशातून त्याने कवळी काढून दाखवली. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरायचं असतं. वरच्या सुरांना तिथे घट्ट पकड लागते, आणि नेमकी तेव्हाच कवळी सरकत होती.

"खालचं सगलं वाजतंय. वरचं नाय. तुमी माजी वली जरा खाली लिवा. मास्तरला नाय कलनार."

"हिराजीभाऊ, मला सूर बदलता येत नाही. तो माझा अधिकार नाही."

"म्हाईत हाय मना." मग बराच वेळ तो चिंचांच्या पिशवीची गाठ सोडत बसला. "खाडी मेली मॅडम. बापाचं जालं मी वरच्या वर्षी वाटून टाकलं, त्याच्यात काय गावतच नाय. आता हा बाजाच हाय. खुर्ची गेली तं मी कोन?"

मी नाही म्हटलं. तो गेला. संध्याकाळी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते बँकेतले, नियमाचे. ते म्हणाले, "नाही म्हणालीस ते बरोबर केलंस," आणि मग वर्तमानपत्रामागून, "पण तुला जेवण जाणार नाही आज."

दुसऱ्या दिवशी मी ब्लेड काढलं. चौदा गाण्यांतल्या त्याच्या ओळी मी खाली आणल्या, जिथे उंच तान हवीच होती तिथे ती ट्रंपेटला दिली आणि ट्रंपेटवाल्याला सांगितलं की मास्तरांनी बदल केला आहे. आयुष्यात मी खोटं फार कमी बोलले आहे. ते अगदी सहज बोलले.

तालमीला हिराजीभाऊ खालच्या सुरांत वाजवू लागला तेव्हा सगळे त्याच्याकडे वळून पाहू लागले. त्या वाद्याचा खालचा आवाज तसाही माणसाच्या आवाजाजवळ जातो. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "अरे हिराजी, आज काय खाऊन आलास रे?" हिराजीभाऊ म्हणाला, "बोंबील." आणि माझ्याकडे न पाहता पान उलटलं.

इथे थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मला धास्ती वाटत होती. खालच्या सुरांतही कवळी सरकली तर? भर कार्यक्रमात हा गप्प झाला तर मास्तर कारण विचारतील, सगळंच उघड होईल. म्हणून मी आणखी एक गोष्ट केली, ती हिराजीभाऊलाही न विचारता. आमच्याकडे त्या सुमारास मिलिंद नावाचा कीबोर्डवाला आला होता, पंचविशीचा, हुशार, थोडा घाईचा. त्याच्या नव्या कीबोर्डमध्ये बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की सॅक्सोफोन. मी ज्या गाण्याची सुरुवातच एकट्या सॅक्सोफोनने होते, त्या गाण्याच्या मिलिंदच्या प्रतीवर हिराजीभाऊची ओळ क्यू म्हणून बारीक सुरांत लिहून टाकली. पडलाच तर कोणीतरी झेलेल, एवढाच विचार.

कल्याणला एका सभागृहात रविवारी दुपारचा कार्यक्रम होता. मी दुसऱ्या रांगेत. ते गाणं आलं. दिवे मंद झाले, हिराजीभाऊ उभा राहिला, वाजवू लागला. पहिला श्वास, दुसरा श्वास. तिसऱ्यानंतर आवाज फाटला आणि थांबला. त्याने ओठ मिटून घेतले. मला कळलं, आत कवळी निसटली आहे. एक क्षण सगळं शांत. आणि मग सॅक्सोफोन पुन्हा सुरू झाला, स्वच्छ, न थरथरता. मिलिंद वाजवत होता. लोकांना काही कळलंच नाही. उलट टाळ्या पडल्या.

हिराजीभाऊ वाद्य तोंडाशी धरून तसाच उभा होता. त्याने आधी कीबोर्डकडे पाहिलं, मग मिलिंदच्या स्टँडवरच्या कागदाकडे, आणि मग प्रेक्षकांत मला शोधलं.

मध्यंतरात मास्तर धावत आले. "मॅडम, वाचवलंत! क्यू कोणी लिहायला सांगितला होता?"

"कोणी नाही. मीच लिहिला."

"देवासारखं केलंत," ते म्हणाले.

मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. मास्तर वाईट माणूस नव्हते, हे लिहून ठेवते. त्यांनी वादकांची लग्नं जुळवली होती, अंत्यविधीही केले होते. ते जमिनीकडे पाहून म्हणाले, "मॅडम, बारा माणसं नेणं जड जातंय. हिराजीच्या दातांचं कळलं मला. त्याला म्हटलं, दात नीट करून घे, पुढच्या दौऱ्याला बघू. तुम्ही आता असं करा. उरलेल्या सगळ्या गाण्यांत सॅक्सोफोनची ओळ मिलिंदच्या प्रतीवर लिहा. बारीक नको, मोठ्या सुरांत."

मी म्हणू शकले असते, हे मी करणार नाही. मी सांगू शकले असते की सूर मी खाली केले, चूक माझी, शिक्षा मला करा. मी म्हटलं, "कधीपर्यंत हव्यात?"

तीस गाणी. नऊ दिवस लागले. मी ते काम वेळेवर दिलं, एकही डाग नव्हता. माझ्या हातून झालेलं सगळ्यात नीटनेटकं काम तेच असावं. हात सवयीने चालत होता, आणि त्या सवयीने मी हिराजीभाऊच्या श्वासांच्या खुणाही जशाच्या तशा उतरवल्या. पहिल्या तालमीत मिलिंदने हात वर केला.

"मॅडम, हे वर कॉमे कसले दिलेत?"

"तिथे हिराजीभाऊ श्वास घेतो."

तो गोंधळून हसला. "मग मी काय करू तिथे?"

मी म्हटलं, "थांब थोडा." बाकीचे आपापल्या वाद्यांशी चाळा करत राहिले.

ते सगळे विमानाने गेल्यावर मी एका सकाळी कोपरीला गेले. हिराजीभाऊच्या बायकोचं नाव पारू. त्या ओट्यावर बसून मासळी साफ करत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"या मॅडम. बसा बाजूला, वास येल तुमाला."

"वहिनी, मी माफी मागायला आले."

"कशाची? तुमी तं भलंच करायला गेलात." सुरी थांबली नाही. "त्याचे दात गेलं ते देवानं नेलं. त्याची जागा कोनी नेली ते त्याला इचारा. आत बसलाय. त्या दिसापासनं तोंडात कवली घालत नाय."

आत हिराजीभाऊ खाटेवर बसला होता. सॅक्सोफोन पेटीत बंद. मी जे झालं ते सरळ सांगितलं, क्यू मी कोणाच्याही सांगण्यावाचून लिहिला, आणि नंतरच्या तीस प्रतीही मीच लिहिल्या.

"त्या दिशी स्टेजवरनंच वलखलं मी," तो म्हणाला. "अक्षर तुमचं. दुसऱ्या कुनाचं असतं तं मी भांडलो असतो."

"भांडा ना माझ्याशी."

"काय भांडू? मीच आलो ना तुमच्या दारात. खाली लिवा म्हटलं. एकदा खाली आनला, की मानूस..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग एकदम विचारलं, "माजे श्वास बी लिवले काय त्या पोराच्या कागदावर?"

"लिहिले. सवयीने."

तो हसला, दात नसलेलं हसू. "मंग तो काय करतंय तिथं? त्याच्या पेटीला काय फुप्फुसं हायत?"

बाहेरून पारूवहिनी ओरडल्या, "चा ठेवू का मॅडमला, का जाताय त्या?" मी चहा घेतला. निघताना हिराजीभाऊ म्हणाला, "एक काम करशाल? त्या कल्यानच्या गान्याची माजी प्रत मना लिवून द्या. पयल्यासारखी. वरच्या सुरांची."

"वाजवणार?"

"नाय. पन ती माजी हाय."

ऑर्केस्ट्राचे कागद ऑर्केस्ट्राचे असतात, वादकाला घरी नेता येत नाहीत. मी तो नियमही मोडला. मास्तरांच्या मूळ कागदावरून ती प्रत लिहिली, पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन दिली. त्याने हात पुसून घेतली.

पुढचं थोडक्यात. दौरा झाला, गाजला. पुढच्या दौऱ्यात सॅक्सोफोन नव्हताच. मग ट्रंपेट गेला, मग व्हायोलिनं. नव्वदच्या दशकात मास्तरांकडे मिलिंदसारखे दोघं आणि चार गायक उरले. त्यांना कागद लागत नव्हते, आणि कागद लागत नव्हते म्हणून मीही लागत नव्हते. माझं टेबल आवरायला एक दुपार पुरली. मी कुरकुर केली नाही. ती वाट मीच आखून दिली होती.

हिराजीभाऊ एकदा दिसला, कोपरीत एका लग्नाच्या वरातीत. बँडच्या शेवटच्या ओळीत तो खुळखुळे वाजवत चालला होता. त्या वाद्याला कागद लागत नाही, दात लागत नाहीत. मला पाहिल्यावर त्याने ते खुळखुळे एकदा खांद्याच्या वर नेऊन हलवले आणि पुढे गेला. त्यानंतर काही वर्षांनी तो गेला. पारूवहिनींनी तेराव्याला मला बोलावलं आणि एक कापडात गुंडाळलेला कागद हातात दिला. "त्याच्या पेटीत व्हता. तुमचा हाय."

मागच्या बाजूला त्याने काही लिहिलं असेल म्हणून मी तो उलटा करून पाहिला. कोरा होता. पुढच्या बाजूला माझी शाई, आणि प्रत्येक श्वासाच्या खुणेवर बोट टेकवून टेकवून पडलेला एक तेलकट डाग. वाजवता येत नव्हतं, तरी तो ते गाणं बोटाने वाचत असणार. किती वेळा, ते डागांवरून कळत नाही.

रेवा, तो कागद मी स्कॅन करून तुला पाठवते आहे. मूळ प्रत माझ्याकडेच राहील. एकविसाव्या पानावरच्या तुझ्या सॅक्सोफोनवाल्याच्या स्टँडवर गोगलगाईंच्या जागी हेच सूर काढ. वाचकांपैकी फार थोड्यांना ते वाचता येतील, पण नीट काढ. आणि वरच्या खुणा विसरू नकोस. त्या सात आहेत. तिसरी जरा जाड आहे. कल्याणला तो तिथे थांबला होता.

तुमची,
आजी